तांबाला

लिंबेच्या बस डेपोमागे पहाटे साडेचारला
मायी नासिबेको चुलीपुढे बसलेली असते.
मांदाझी तळते. आपल्या गोड पुऱ्यांच्या
कुणीतरी लांबच्या, टम्म फुगलेल्या मावसबहिणी.

तिच्या भाषेत 'क्वाचा' म्हणजे उजाडलं.
स्वातंत्र्याच्या दिवसांत लोक रस्त्यावर हेच ओरडत.
मग पौंड गेला, आणि ती आरोळी
घडी घालून खिशात ठेवता येईल
अशा कागदावर छापली गेली.

म्हणून इथे भाव विचारायचा तो असा :
किती उजाडलं?
शंभर उजाडलं.
काल कुणी उधार मागितलं तर मायी म्हणाली,
माझ्याकडेच अजून उजाडायचंय.
मला कळेना, ती आभाळाचं बोलतेय
की पदराच्या गाठीचं.

तेव्हा उजाडण्याचेही शंभर भाग होते.
एकेका भागाचं नाव तांबाला, म्हणजे कोंबडा.
शंभर कोंबडे आरवले की एक पहाट,
पहिलीतल्या पोरालाही पटावा असा हिशेब.
तांब्याच्या रंगाचं नाणं, त्यावर तुरेबाज कोंबडा.
माझ्या कानाला तर तांबाला आणि तांबडं फुटणं
एकाच घरचे वाटतात.
(तसं काही नसतं. कान परस्पर सोयरिकी जुळवतो.)

मायी परकर सांभाळत बाजाराला जायची तेव्हा
दोन कोंबड्यांत ओंजळभर उसिपा यायची,
सरोवरातली सुईएवढी चंदेरी मासळी,
आणि एका कोंबड्याचं मीठ.
नंतर कोंबडे पुष्कळ झाले.
नंतर धुळीत पडलेला कोंबडा
कुणी वाकून उचलेना.
नंतर दिसेनासेच झाले.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,
असं आमच्याकडे म्हणतात.
इथे कुणी झाकलं नव्हतं.
त्याला पाळणं परवडेना, इतकंच.

गेल्या आठवड्यात रेडिओने सांगितलं, क्वाचा उतरला.
झोपताना होती तेवढी पहाट
उठल्यावर उरली नव्हती.
पिठाची पिशवी, तेल, कोळसा,
सगळ्यांनी आपापल्या पाट्या पुसल्या.
नातू चिकुम्बुत्सोनेही पाटी पुसली,
शंभराच्या जागी दीडशे लिहिले,
पाच थोडा उलटा.

तेवढ्यात रात्रपाळीचा पहारेकरी म्क्वेझालाम्बा आला,
पाटीकडे बघून खिशातला हात
खिशातच ठेवून उभा राहिला.
शेकोटीला आलोय, असं दाखवत.

मायीने पदराच्या टोकानेच दीडशे पुसले.
शंभर लिही, म्हणाली.
आणि पुढचा गोळा तोडताना
अंगठा जरा आत घेतला.
भाव तोच राहिला.
मांदाझी लहान झाली.
म्क्वेझालाम्बाला दिसलं, मलाही दिसलं,
दोघंही काही बोललो नाही.

पीठ मळायची तिची परात जुनी, बुडाला भोक पडलेलं.
तिथे नवऱ्याने कधीतरी एक तांबाला ठोकून बसवलाय,
कोंबडा आतल्या बाजूला,
मळून मळून तुरा झिजलेला.
चिकुम्बुत्सो त्यावर बोट फिरवत विचारतो,
याचं आता काय येतं, आजी?
ती कढईतून नजर न काढता म्हणते,
येत काही नाही. पाणी राहतं.

मिनीबसचा पोरगा झोम्बा, झोम्बा ओरडायला लागला.
मी दोन मांदाझी घेतल्या, पाचशेची नोट पुढे केली.
तिने गाठ सोडली, चाचपली, पुन्हा बांधली.
सुटे नव्हते.
डोंगरामागे काळ्याचं करडं होत होतं.
थांब थोडा, म्हणाली,
उजाडेल.